माणशी एकोणीसशे

नाशिकमध्ये कुणी 'कॅम्पला जाऊन येतो' म्हणालं तर तो तंबूत झोपायला चाललेला नसतो. तो देवळालीला चाललेला असतो, बहुतेक कुणाला तरी भेटायला किंवा भाजी आणायला. देवळाली कॅम्प हे आमच्यासाठी गावाचं नाव आहे. ब्रिटिशांची छावणी तिथे होती, मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत शिपाई तिथे महिनोन् महिने पडून असायचे आणि कंटाळून, तापाने फणफणून डोक्यावर परिणाम करून घ्यायचे. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात तो शब्द आमच्या देवळालीचाच. पूर्ण शब्द 'डूलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

त्यामुळे मागच्या वर्षी मे महिन्यात वहिनीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कॅम्पिंगला जाऊया का?' असा मेसेज टाकला, तेव्हा आजीचं पहिलं म्हणणं होतं, रिक्षाने जायचं का बसने?

वहिनीने खाली रेटकार्ड टाकलं होतं. भंडारदरा, तलावाकाठी तंबू, काजवे स्पेशल. शनिवारी माणशी १,९०० रुपये. संध्याकाळी चार वाजता चेक-इन, सकाळी अकराला चेक-आउट. चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, शेकोटी, सकाळी पोहे. पाच वर्षांखालील मुलं फ्री, पाच ते दहा अर्धे पैसे. गाडी आपली आपण. वन विभागाचं प्रवेशशुल्क वेगळं. शेवटच्या ओळीत तीन चांदण्या आणि 'लिमिटेड सीट्स'.

आमच्या घरात फोटोला दोन मिनिटांत अंगठे येतात. या मेसेजवर रात्रीपर्यंत कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं, निळ्या टिका दिसत होत्या. सगळे मनातल्या मनात गुणाकार करत होते.

मी तो कागदावर केला, कारण माझं पोटच हिशेबावर आहे; एका कंपनीत अकाउंट्स बघते. आम्ही अकरा जण: आजी, आई, पप्पा, काका, काकू, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, चुलतभाऊ आणि मी. दादाचा धाकटा चार वर्षांचा, तो फ्री. थोरली आठ वर्षांची, ती अर्धी. म्हणजे साडेनऊ माणसं. १८,०५० रुपये. टेम्पो ट्रॅव्हलर एका रात्रीसाठी ७,५०० च्या खाली कुणी द्यायला तयार नव्हतं. एकूण २५,५५०. त्यात प्रवेशशुल्क नाही, वाटेतला चहा नाही, मुलांचा मका नाही. दुपारी चार ते सकाळी अकरा म्हणजे एकोणीस तास. तासाला तेराशेच्या वर, आणि त्यातले सात-आठ तास झोपण्यात जाणार. नाशिकपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर पहिलं उत्तर आलं ते चुलतभावाचं. 'तुम्ही जाऊन या. मला सुट्टी नाही.'

तो अंबडला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. हातात महिन्याला सोळा हजार येतात. काका दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, त्यांची पेन्शन म्हणजे चेष्टा आहे. त्यामुळे काकांच्या घरातल्या तिघांचा वाटा म्हणजे आठ हजारांच्या वर, आणि तो त्यानेच द्यायचा. अर्धा पगार, एका रात्रीसाठी. सुट्टीचा प्रश्न नव्हता हे मला कळलं, दादाला कळलं, आईलाही कळलं. पण 'आम्ही तुझे भरतो' असं त्याला कोण म्हणणार? तो पंचवीस वर्षांचा आहे. त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे. तशी वाक्यं अशा वयात ऐकवायची नसतात.

पप्पांची एक सवय आहे. सातपूरला कंपनीत लागल्यापासून ते दर वर्षी कंपनीच्या डायरीत खर्च लिहितात आणि एकही डायरी रद्दीत देत नाहीत. मी १९९९ ची काढली. मला त्या वर्षीच्या मे महिन्याचं थोडंफार आठवत होतं. मी सहा वर्षांची होते, आम्ही आठ जण भंडारदऱ्याला गेलो होतो आणि शाळेच्या खोलीत झोपलो होतो.

पप्पांच्याच खात्यात एक काका होते, धरणाच्या बाजूच्या एका खेड्यातले. त्यांनी गुरुजींना सांगून सुट्टीतली शाळेची खोली मिळवून दिली होती. तीन रात्री. डायरीत असं लिहिलंय: एसटी आणि जीप जाऊन-येऊन ४९६. रॉकेल ३०. दूध, भाजी, कोंबडी ३१०. शाळेस देणगी १०१. टॉर्चचे सेल २४. इतर ६५. एकूण १,०२६ रुपये. माणशी एका रात्रीचे त्रेचाळीस रुपयेही नाहीत.

'एवढंच?' मी पप्पांना विचारलं.

'एवढंच काय?' ते म्हणाले. 'साडेपाच दिवसांचा पगार होता माझा तो. तुझी आई महिनाभर बोलली नव्हती.'

मी तोच हिशेब चुलतभावाच्या पगाराने करून बघितला. त्याची रोजी साधारण सव्वासहाशे पडते. सगळ्या घराची तंबूतली एक रात्र म्हणजे त्याचे एकेचाळीस दिवस. पप्पांनी साडेपाच दिवसांत आठ माणसांना तीन रात्री हिंडवून आणलं होतं.

मला वाटलं, चला, लेख लिहायला आकडा सापडला. मग मी आईला विचारलं की त्या सहलीतलं तुला काय आठवतं. मला वाटलं होतं ती रंधा धबधबा म्हणेल, किंवा रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ.

आई म्हणाली, 'स्टोव्हची पिन.'

पिन घरी राहिली होती. स्टोव्हच्या बर्नरमध्ये कचरा अडकला की तो साफ करायला लागते ती. तिसऱ्या दिवशी स्टोव्ह भडकायला लागला आणि आई व काकू दोघींनी शाळेच्या मागे तीन दगड मांडून चुलीवर आठ माणसांचा स्वयंपाक केला. तांदूळ, डाळ, पीठ, मसाला सगळं घरून नेलं होतं, म्हणून ते डायरीत नाही. डब्यातल्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत लाटल्या होत्या, त्याही डायरीत नाहीत. 'तलाव मी भांडी घासताना बघितला,' ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. जसं झालं तसं सांगितलं.

त्यानंतर त्या १,०२६ रुपयांकडे मला नीट बघवेना. शाळेची खोली फुकट मिळाली कारण गुरुजींनी ओळख ठेवली. जेवण फुकट झालं कारण दोन बायकांनी सुट्टीतही तेच केलं जे त्या वर्षभर करत होत्या. त्या खेड्यातल्या काकांच्या घरून रोज सकाळी चहा यायचा, तोही कुणी मांडला नाही. आजच्या १,९०० मध्ये या सगळ्याला किंमत लागली आहे. कुणीतरी भात शिजवतं आणि त्याचे पैसे घेतं, यात मला गैर काही दिसत नाही. प्रश्न असा आहे की ते पैसे त्या शिजवणाऱ्यापर्यंत जातात का?

म्हणून मी रेटकार्डावरच्या नंबरवर फोन केला. तो ठाण्यातल्या एका मुलाने उचलला. तो कधी तलावाकाठी गेला होता की नाही देव जाणे, पण 'मॅम, ओन्ली फोर टेंट्स लेफ्ट' हे त्याने तीनदा सांगितलं. मग मी पप्पांच्या ओळखीतून दुसरा नंबर मिळवला, थेट तलावाकाठच्या एका तंबूवाल्याचा. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. जमीन त्याच्या घरची. त्याने मला चुलत बहिणीला सांगावं तसं सगळं फोडून सांगितलं.

'ताई, एकोणीसशेतले पाचशे पेज घेतं. इन्स्टाचं पेज. बुकिंग तेच देतात, पैसे पण त्यांच्याकडेच येतात, आपल्याला सोमवारी मिळतात. कोंबडी, तेल, तांदूळ, पोहे, दूध, माणशी साडेतीनशे-चारशे जातात. जनरेटरचं डिझेल. पिण्याचं पाणी जारचं, ते घोटीवरून येतं. तीन पोरं कामाला. तंबू दोन सीझन टिकतो, ऊन खातं त्याला. गाद्या भिजल्या की गेल्या. राहिलं काय?'

मी विचारलं, 'तरी पाचेकशे राहतात ना माणशी?'

'राहतात की. शनिवारी राहतात. काजव्याचे शनिवार किती? तीन. पाऊस लवकर आला तर दोन. ताई, काजवे बारा महिने असते तर मी पण पाचशेत दिलं असतं.'

काजवे मे महिन्याच्या शेवटी शेवटी दिसायला लागतात आणि पाऊस जोरात धरला की संपतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि एका लयीत उघडझाप करतात. ती उघडझाप नरांची असते, मादीला बोलावण्यासाठी. गाडीचा हेडलाइट त्यांच्यावर पडला की ते बंद होतात, म्हणजे बोलणंच तुटतं. आणि त्याच तीन शनिवारी मुंबई, पुणे आणि नाशिकच्या गाड्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या त्या अरुंद रस्त्यावर एकमेकींना हेडलाइट मारत उभ्या असतात. हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, त्याच्या आधीपासून तिथे माणसं राहतात, महादेव कोळी मुख्यतः. विल्सन धरण १९२६ ला पूर्ण झालं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांची खालची सुपीक जमीन पाण्यात गेली. त्याच पाण्याच्या काठावर आता त्यांचे नातू तंबू लावतात आणि ठाण्यातला मुलगा 'लेक व्ह्यू'चे दोनशे जास्त घेतो.

भाव वाढण्याचं आणखी एक कारण आमच्या दाराशीच आहे. घोटी-इगतपुरीचा पट्टा नाशिककरांना आपला वाटायचा. तो आता मुंबईचा अंगण झाला आहे. समृद्धी महामार्ग तुकड्यातुकड्याने जवळ येत गेला; इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. मुंबईच्या पगाराला १,९०० हा एका जेवणाचा भाव आहे, अंबडच्या पगाराला तीन दिवसांचा. तंबूवाल्याने कुणाकडे बघून भाव ठरवावा? मी त्याच्या जागी असते तर मुंबईकडेच बघितलं असतं.

नाशिकच्या दुसऱ्या बाजूलाही हेच. गंगापूर धरणाच्या काठी वाइनरी आल्या, त्यामागे रिसॉर्ट आले, त्यामागे 'ग्लॅम्पिंग' आलं. म्हणजे तंबूच, पण आत एसी आणि कमोड. मी लहान असताना त्या बाजूला आम्ही वनभोजनाला जायचो. आवळी शोधायची, तिच्याखाली बसायचं, वांग्याचं भरीत आणि भाकरी. आता बऱ्याच ठिकाणी काठापर्यंत जायलाच तारेचं कुंपण आडवं येतं. पुढे गिरणारेला गेलात तर आणखी एक प्रकारचे तंबू दिसतात. द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत पेठ, सुरगाणा, हरसूलकडून कुटुंबंच्या कुटुंबं तिथे येतात. गिरणारेला मजुरांचा बाजार भरतो, मुकादम किंवा बागाइतदार ठरवून नेतो, आणि मग बागेच्या बांधावर काळ्या-निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली त्यांचा संसार असतो, पोरंबाळं, कोंबड्या, चूल, सगळं. तिथून गाडीने थोडं अंतर गेलं की बोर्ड दिसतो, 'निसर्गाच्या सान्निध्यात, आकाशाखाली एक रात्र'. मी त्या दोन्हींच्या मधून स्कूटरवर शेकडो वेळा गेले आहे, आणि खरं सांगायचं तर पहिली बरीच वर्षं मला त्यात काही वेगळं दिसलंही नाही.

मध्ये दादाने कॅरॅव्हॅनचा विषय काढला. त्याने कुठेतरी रील पाहिलं होतं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कचीही कल्पना आहे: गाडी लावायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह. परदेशात मध्यमवर्गीय घरं अशाच पार्कात सुट्टी काढतात आणि तिथेही आता भाडी परवडेनाशी झाल्याची ओरड आहे, हे दादाने मोठ्या समाधानाने सांगितलं, जणू त्यामुळे आपलं स्वस्त होणार होतं. त्याने एका ठिकाणी कॅरॅव्हॅनचं भाडं विचारलं. त्यांनी सांगितलं. 'घरी विचारून सांगतो' म्हणून दादाने फोन ठेवला आणि घरी विचारलं नाही. काका म्हणाले, माझ्या मेव्हण्याचा टेम्पो आहे, त्यात गादी टाकली की झाली कॅरॅव्हॅन. काका १९९९ मध्ये काहीच बोलायचे नाहीत म्हणतात. रिटायर झाल्यावर तोंड उघडलं.

देवळालीबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला या सगळ्यात सारखी आठवत राहिली. छावणीच्या आसपास पारशी आणि गुजराती समाजांनी सॅनेटोरियम बांधली होती. नाव सॅनेटोरियम, पण तिथे आजारीच माणसं येत असं नाही. मुंबईच्या दमट हवेतली कुटुंबं 'हवापालट' करायला यायची, भांडीकुंडी घेऊन, आणि आरामात राहायची. भाडं माफक, कारण समाजातल्या कुणीतरी श्रीमंताने इमारतीसाठी पैसे दिलेले असायचे. अट एकच, तुम्ही त्या समाजाचे असायला हवे. आमच्या आजीने तरुणपणी अशा एका सॅनेटोरियमच्या बागेत फुलझाडांना पाणी घालायचं काम केलं आहे. तिला तिथल्या व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्च्या अजून आठवतात. 'बसले नाही कधी,' ती म्हणते, 'पण पुसल्या खूप.' म्हणजे स्वस्त सुट्टी तेव्हाही होती. ती कुणाच्या तरी ओळखीवर, कुणाच्या तरी दानावर किंवा कुणाच्या तरी हातांवर उभी होती. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याच्यासाठी ती तेव्हाही नव्हती.

धर्मशाळा आणि देवस्थानांची भक्तनिवासं हा एक मार्ग उरतो, आणि आमच्या घराने तो बरीच वर्षं वापरला. सप्तशृंगी गड, त्र्यंबक, शिर्डी. आमच्यासारख्यांची सुट्टी देवाच्या नावावर निघते हे कुणी उघड म्हणत नाही एवढंच. देवाला जायचं म्हटलं की खर्चाला विरोध होत नाही. साध्या लॉजचं मात्र अवघड झालं. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के लागला. मागच्या सप्टेंबरात, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, तो ५ टक्क्यांवर आणला. पण हजारात खोली दाखवा आधी! आणि आता सिंहस्थ तोंडावर आहे. त्र्यंबकच्या रस्त्यावर ज्याच्याकडे दोन खोल्या आहेत तो तिसरी बांधतोय.

एसटीचं मात्र ऐकण्यासारखं आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, त्यावर सगळ्यांनी आरडाओरडा केला, मीही केला. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. आमच्या अकरा जणांत आजी फुकट, आई-काकू-वहिनी-मी अर्ध्या, दादाची थोरली अर्धी, धाकटा फुकट. पूर्ण तिकीट फक्त चौघा पुरुषांना. टेम्पो ट्रॅव्हलरच्या साडेसात हजारांसमोर हा आकडा ठेवला तेव्हा दादा पहिल्यांदा म्हणाला, 'मग बसने जाऊ ना.'

उरला तंबू. पप्पांनी त्यांच्या जुन्या मित्राच्या घरी फोन लावला. ते काका आता नाहीत. फोन त्यांच्या मुलाने घेतला. त्याच्या घराशेजारी मोकळी पडवी आहे, गेल्या दोन वर्षांपासून तो चार तंबूही लावतो. पुढचा संवाद स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकला.

पप्पा म्हणाले, 'रेट काय घेतोस?'

तो म्हणाला, 'तुम्हाला कसला रेट, काका? या की.'

'तसं नाही. सांग.'

'द्या चारशे. जेवणाचं आपलं आपण बघू.'

'बाहेर एकोणीसशे चाललेत. नऊशे देतो.'

'नऊशे? बाबा वर बसून काय म्हणतील मला?'

इतका वेळ मी बाजारात भाव पाडताना लोक पाहिले होते. इथे गिऱ्हाईक चढवत होतं आणि विकणारा पाडत होता, आणि दोघंही चिडले होते. पप्पांना चारशेत जायचं नव्हतं, कारण मग ते पाहुणे झाले असते आणि पाहुण्याला दुसऱ्यांदा यायला लाज वाटते. त्याला नऊशे घ्यायचे नव्हते, कारण मग तो हॉटेलवाला झाला असता. शेवटी सातशेला तुटलं. माणशी, एका रात्रीचे, दोन वेळचं जेवण आणि चहा धरून. आईने मध्येच फोन ओढून घेतला आणि एकच अट घातली: स्वयंपाकघरात मी आणि माझी जाऊ पाय ठेवणार नाही. पलीकडून त्याची बायको हसल्याचं ऐकू आलं.

पण शनिवारी नाही. शनिवारी त्याच्याकडेही मुंबईवाले बुक होते आणि ते बुकिंग मोड असं त्याला कुणी सांगणार नव्हतं. आम्हाला मंगळवार ते गुरुवार मिळाले, ३ ते ५ जून. मी आणि दादाने रजा टाकली. आमची भरपगारी असते. कंत्राटी कामगाराची नसते. तीन दिवस खाडा म्हणजे चुलतभावाचे साडेअठराशे रुपये जाणार होते, शिवाय सुपरवायझरची नजर. स्वस्त दिवस आमच्यासाठी स्वस्त होता, त्याच्यासाठी नाही. त्याने ग्रुपवर पुन्हा तेच लिहिलं, 'सुट्टी नाही.' या वेळी ते अर्धं खरं होतं.

आम्ही दहा जण मंगळवारी महामार्ग स्टँडवरून घोटीच्या बसमध्ये चढलो. घोटीहून जीप. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच येऊन गेला होता, डोंगर हिरवे व्हायला लागले होते, आणि बारीच्या अलीकडे कळसूबाई ढगात होती. आजीने जीपच्या ड्रायव्हरला तिची उंची विचारली. १,६४६ मीटर हे त्याला पाठ होतं. रोज कुणी ना कुणी विचारत असणार.

पहिल्या रात्री ढग होते आणि काजवे तुरळक. आई आणि काकू मात्र संध्याकाळी पाच वाजल्यापासून पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. सहा वाजता आईला उठायची सवय सुटेना, ती दोनदा उठली आणि दोनदा काकूने तिला खाली बसवलं. आत नाचणीच्या भाकरी थापल्याचा आवाज येत होता. घरातली बाई आणि तिची सासू करत होत्या. मी तिकडे बघत राहिले आणि मग आत जाऊन विचारलं, की तुमच्याकडे या सातशेचे किती येतात? ती म्हणाली, 'दाजी सगळे माझ्याकडंच देतात. त्यांना ठेवता येत नाहीत.' सासू म्हणाली, 'त्याच्या बापालापण येत नव्हते.'

बुधवारी रात्री साडेसातच्या सुमाराला अंगणात मोटरसायकल थांबली. चुलतभाऊ. रेनकोटात, गुडघ्यापर्यंत चिखल. पहिली पाळी साडेतीनला सुटली, तसाच तो अंबडहून निघाला होता. गुरुवारसाठी त्याने एका मित्राशी पाळी बदलून दुसरी घेतली होती. एकही खाडा नाही. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. काकूने त्याला आधी शिव्या घातल्या, पावसात एवढ्या लांब मोटरसायकलवर येतात का म्हणून, आणि मग टॉवेल आणायला आत पळाली.

जेवून आम्ही घरामागच्या वाटेने खाली गेलो. यजमानाने सगळ्यांचे मोबाइल पडवीतच ठेवायला लावले. बॅटरी फक्त त्याच्या हातात, तीही लाल कागद लावलेली. ओढ्याच्या पलीकडे एक सादडा होता. तो आधी दिसलाच नाही, नुसता अंधाराचा ढीग. मग तो पूर्ण पेटला आणि विझला. परत पेटला. दादाच्या थोरलीने विचारलं, 'बटण कुठे आहे?' कुणी हसलं नाही. धाकटा आजीच्या कडेवर जायचा हट्ट करत होता. चुलतभाऊ माझ्या शेजारी उभा होता. बराच वेळ तो काही बोलला नाही आणि मग हळूच म्हणाला, 'कंपनीत लाइन बंद पडली की इंडिकेटर असेच होतात.' तो रात्रभर झोपला नाही बहुधा. सकाळी मी उठले तर पाण्याच्या काठी एकटाच बसला होता. नऊ वाजता तो निघून गेला, साडेतीनची पाळी होती.

निघताना पप्पांनी पैसे मोजले. चुलतभावाची एकच रात्र होती, तरी त्यांनी दोन्ही धरल्या. यजमान ती रात्र काढून टाकायला लागला, पप्पा ऐकेनात. शेवटी त्याने घेतल्या. मग त्याने नोटा मोजल्या आणि चौदाशे रुपये वेगळे काढून पप्पांच्या हातात परत ठेवले.

'हे कसले?'

'आजींचे. आजींचे घेत नाही.'

'का बरं? जेवली ना ती? तुझ्यापेक्षा जास्त जेवली.'

'एसटी घेत नाही त्यांचे, तर मी कुठून घेऊ?'

पप्पांना यावर उत्तर सुचलं नाही. जीप हॉर्न देत होती. आजीने सगळं ऐकलं होतं, पण ती काही बोलली नाही. तिने कमरेचा बटवा सोडला, पाचशेची एक नोट काढून चार घड्या घातल्या आणि ती घरातल्या सुनेच्या पिठाच्या हातात कोंबून जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.